अंतराळयानाची जाळी

गणपती पाण्यात गेले की सुरतेत सीझन लागतो. पंचांगात हा ऋतू सापडायचा नाही. लिंबायतच्या गल्लीत मात्र तो लहान पोरांनाही कळतो, कारण या दिवसांत बाप घरी येतो तो फक्त आडवा व्हायला. दिवाळीच्या साड्यांची मागणी बाजारातून निघते, शेठच्या तोंडातून कामावर देखरेख करणाऱ्या मास्तरच्या तोंडात येते आणि मास्तरच्या तोंडातून आमच्या पायांत उतरते. मागांच्या शेडला इथे सगळे खातं म्हणतात. सीझनमध्ये खात्याचं दार लागलेलं मी कधी पाहिलं नाही.

यंदाही सीझन लागला. मी आता खात्यात नाही. माझ्या गुडघ्यांनी आधी राजीनामा दिला, मग मला त्यांच्या मागोमाग जावं लागलं. आता मी भिंतीला टेकून साड्यांच्या घड्या घालतो. भिंतीच्या पलीकडे दुसऱ्या कुणाचं तरी खातं आहे आणि दिवसभर ती भिंत माझ्या पाठीत खडखडत असते. माझी मुलगी शाळेतल्या गुजरातीत विचारते, की या आवाजात तुम्हाला झोप लागतेच कशी. मी तिला सांगतो, बाई, याच आवाजात तुझा बाप अंतराळात जाऊन आलाय. ती मान हलवते आणि अभ्यासाला बसते. आजकालच्या मुलांना अंतराळाचं काही वाटत नाही.

आम्हाला वाटायचं. माणूस चंद्रावर उतरून फार दिवस झाले नव्हते. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, दोन पायांवर नीट उभा राहणारा माणूस होतो. सगळे मला आप्पा म्हणायचे, कारण मला दम खायला वेळ नसला तरी गोष्ट सांगायला असायचा. स्टेशनजवळ एक रद्दीवाला बसायचा. भुसावळकडून येणाऱ्या गाडीतले लोक मराठी मासिकं आणि जुने दिवाळी अंक डब्यात टाकून जात, ते फिरत फिरत त्याच्याकडे येत. त्यात मला अंतराळाच्या गोष्टी मिळायच्या. बहुतेकांची शेवटची पानं फाटलेली असत. भज्यांना कुठला कागद उपयोगी पडतो आणि कुठला नाही, हे भजीवाल्याला कळत नसे. त्याने किती ग्रहांचा शेवट तेलात बुडवला असेल, देव जाणे. मला मात्र त्याची अडचण कधी झाली नाही. फाटलेली पानं मी स्वतःच्या पदरची जोडायचो आणि खरं सांगतो, माझ्या पानांत जास्त स्फोट असत.

दिवसपाळी सुटली की आम्ही खोलीवरच्या गच्चीत जाऊन पडायचो. पडायचो हा शब्द मी विचार करून वापरतोय. बसण्याएवढी ताकद कुणात नसायची. कानात माग चालूच असायचे. पायांना जमीन अजून हलतेय असं वाटायचं. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीत सुताची बारीक लव बसलेली असे, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात सगळेच अकाली म्हातारे दिसत. त्या म्हाताऱ्यांच्या मधोमध मी उभा राहायचो, टॉवेल खांद्यावर टाकून, एक हात पुढे करून, आणि यान आकाशात सोडायचो. पुष्कळदा लढाई ऐन रंगात यायची आणि बघतो तर सगळी सेना घोरतेय. एक अख्खं महायुद्ध मी झोपलेल्या माणसांना सांगितलं आहे. पण दोघं जागे असत. एक दामू, दुसरा भिकन.

दामू पारोळ्याकडचा. खांद्याने दार उघडणारा माणूस. दोन माग एकटा चालवायचा. त्याची बायको गावी होती आणि दिवाळीपर्यंत गोडादऱ्याकडे एक स्वतंत्र खोली घेऊन तिला घेऊन यायचं, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. भिकन शिरपूरकडचा, बारीक, शांत. लहानपणी देवी आल्या त्यात त्याचा उजवा डोळा गेला होता, त्यावर पांढरं पडलं होतं. उरलेल्या डाव्या डोळ्याने तो ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतातला, तुटलेला धागा आमच्या आधी पकडायचा. त्या एका डोळ्यावर त्याचं काम, त्याची आई आणि दोन बहिणी उभ्या होत्या. तो डोळा गेला असता तर मास्तरने दुसऱ्या दिवशी त्याच्या मागावर नवा माणूस उभा केला असता. हे आम्हाला माहीत होतं, भिकनला आमच्याहून जास्त माहीत होतं, आणि याबद्दल कुणी कधी बोलत नसे.

आमचा वाद असायचा तो ढालीचा. यानाला कवच कुठलं चांगलं? तुम्ही हसाल, पण त्या सीझनमध्ये या प्रश्नावर लिंबायतच्या एका गच्चीत जेवढा विचार झाला तेवढा कुठल्याही विद्यापीठात झाला नसेल.

एका लेखकाने यानाला पोलादाची भिंत दिली होती, हातभर जाड. दामूला ती फार आवडली. ठोकलं तर आवाज येतो, असं तो म्हणायचा, जणू आवाज येणं हाच भिंतीचा सगळ्यात मोठा गुण. मी विचारलं, एवढं वजन घेऊन यान उडायचं कसं? दामू म्हणाला, हळूहळू उडेल, त्याला कुठे दिवाळीला घरी जायचंय.

दुसऱ्या लेखकाने विजेची भिंत उभी केली होती. दिसत नाही, पण गोळा आदळला की निळी होते आणि विझते. ही माझी लाडकी, कारण सांगताना हात पसरून निळं होता येतं. भिकनने शांतपणे विचारलं, वीज कुठून येते? इंजिनातून, मी म्हटलं. आणि लाईट गेली म्हणजे? सगळी गच्ची हसली, झोपलेलेसुद्धा. सुरतेत लाईट गेली की आम्ही कुठे असायचो हे ठाऊक होतं: काळोखात, मागाला हात लावून, परत येईल तेव्हा पळायच्या तयारीत. त्या लेखकाला पॉवरकट माहीत नव्हता. शिवाय त्याच्या भिंतीत आणखी एक खोट होती. आपण गोळी झाडायची तर भिंत आधी खाली घ्यावी लागे. म्हणजे हाताला काम हवं तर अंग उघडं, आणि अंग झाकायचं तर हात रिकामे.

एका गोष्टीत चुंबकाचं कवच होतं. ते लोखंडाचे गोळे दूर ढकलायचं. शत्रूने दगड मारले तर काय, हे त्या लेखकाला सुचलं नव्हतं. आमच्यातल्या प्रत्येकाला सुचलं. दुसऱ्या एका गोष्टीत यान आपल्याभोवती आरशांचा चुरा उधळायचं आणि शत्रूचे प्रकाशाचे भाले त्या चुऱ्यात फुटून जायचे. ही सुंदर होती. सुरती मांज्यासारखी, मी म्हटलं, काचेची धार हवेत. पण चुरा एकदाच उधळता येतो. मग झाडून कोण आणणार, असं भिकन म्हणाला. अंतराळात झाडू मारणाऱ्या माणसाची गोष्ट कुणी लिहिली नाही, हे मला आजही खटकतं.

आणि मग आली ती सगळ्यात भारी. त्या यानाला ढालच नव्हती. ते आपल्याभोवतीची जागाच वाकवायचं, ओल्या साडीला पीळ घालावा तशी. गोळा यायचा, वाकलेल्या वाटेने यानाला वळसा घालायचा आणि पलीकडून निघून जायचा. ना आवाज, ना धक्का, ना ओरखडा. मी ही गोष्ट तीन संध्याकाळी पुरवून सांगितली. शेवटी मी हात असा वळवला, कमरेपासून सगळा फिरलो, आणि गोळा अंधाऱ्या आकाशात सोडून दिला. वाटलं, आता टाळ्या.

भिकन पडल्या पडल्या म्हणाला, "आप्पा, मग तो गोळा कुठे गेला?"

गेला, मी म्हटलं. पलीकडे.

"पलीकडे कोण होतं?"

गोष्ट तिथेच सोडून मी टॉवेलची घडी घातली. असं माझ्या आयुष्यात फारसं झालेलं नाही.

त्याने विचारलं ते कशावरून, हे मला दुसऱ्या दिवशी खात्यात उभं राहिल्यावर समजलं. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागात धोटा असतो. लाकडी, होडीसारखा, पोटात बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताची कांडी आणि दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. तो ताण्याच्या धाग्यांमधून या बाजूकडून त्या बाजूला फेकला जातो, परत फेकला जातो, डोळ्याला दिसणार नाही इतका भरभर. एखादा धागा तुटून आडवा आला किंवा पट्टा ढिला झाला की धोटा वाट सोडतो आणि मागातून सुटून उडतो. सुटलेला धोटा आपल्या विणकऱ्याला क्वचित लागतो. विणकर समोर उभा असतो आणि धोटा निघतो बाजूने. तो जातो शेजारच्याकडे. म्हणून मागाच्या कडेला तारेची जाळी टांगलेली असते.

म्हणजे बघा. जाळी माझ्या मागाला, आणि तिने वाचायचं ते माझ्या शेजाऱ्याने. जगातल्या सगळ्या यानांची कवचं मी वाचली होती, पण असलं कवच एकाही लेखकाने लिहिलं नव्हतं.

दामूच्या दोन्ही मागांच्या कडेने एक चिंचोळी वाट होती आणि जाळी तिथेच लोंबायची. या मागावरून त्या मागावर जायचं तर दर वेळी ती उचलावी लागे, नाहीतर लांबून वळसा. सीझनमध्ये एवढा वळसा कोण घेणार? त्याने साडीच्या किनारीची एक लाल पट्टी घेतली आणि जाळी वर गुंडाळून बांधून टाकली. असं खात्यात निम्म्या लोकांनी केलं होतं. मास्तर बघून न बघितल्यासारखं करायचा. वाटेच्या पलीकडे, दामूच्या उजव्या हाताला, भिकनचा माग होता. आणि भिकनची चांगली बाजू, डाव्या डोळ्याची, दामूकडे होती.

मी त्या दिवशी पहिल्यांदा भिकनला नीट पाहिलं. तो वाकडा उभा राहायचा. मान खाली, खांदा वर काढलेला, तोंड भिंतीकडे वळवलेलं, जसं कुणी तिरप्या पावसात चालतं. सगळ्यांना वाटायचं त्याची सवयच तशी. रोज संध्याकाळी तो मान चोळत गच्चीवर यायचा आणि आम्ही त्याला म्हणायचो, काय रे नवरदेवा, कुणाकडे बघत असतोस? त्याचं स्वतःचं कवच ते एवढंच होतं, एक खांदा.

तो दामूला सांगणार नव्हता. धोट्याची भीती वाटते म्हणणाऱ्या माणसाला मास्तर मागावरून काढून कांड्या भरायला बसवायचा. मी दामूला सांगून पाहिलं, सरळ, दोन पुरुषांत बोलतात तसं. त्याने घाम पुसला आणि तो म्हणाला, की जाळी खाली घेतली तर रोजचा ताका, ठरलेलं कापड, पुरा होत नाही, ताका पुरा झाला नाही तर खोली होत नाही, आणि तिला मी आता काय सांगू. त्याचं खोटं नव्हतं.

मग मला जे येतं ते मी केलं. गोष्ट रचली.

त्या संध्याकाळी हवा नव्हती. तापीकडून वारा यायचा तोही येईना. मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि सांगितलं, की नवीन अंक मिळालाय. बारा यानं रांगेने चालली आहेत. उल्कांचा पट्टा लागलाय, दगड सगळीकडून येतायत. या यानांची कवचं वेगळी. प्रत्येक यानाचं कवच त्याच्या कडेला, आणि ते शेजारच्या यानाला झाकतं, स्वतःला नाही. एका यानाचा कप्तान मोठा जबर गडी. त्याला दोन इंजिनं एकट्याने सांभाळायची आहेत. या इंजिनावरून त्या इंजिनावर जायचं तर कवच मध्ये येतं, म्हणून त्याने ते वर उचलून ठेवलंय. आणि शेजारच्या यानाला खिडकी एकच आहे.

इथे मी थांबलो, आवाज खाली आणला, हात डोळ्यांवर धरून पलीकडे पाहिलं. मला वाटलं होतं मी फार हुशारीने रचलीय. दोन इंजिनं म्हटल्याबरोबर कुणीतरी कोपऱ्यात फिस्सकन हसलं. भिकन पाठ करून निजला होता. जागा असला तरी हलला नाही. दामू उठून बसला. मी पुढे चाललो, आता थांबता येत नव्हतं. कप्तानाने कवच खाली सोडलं. त्याचं यान मागे पडलं. बाकीची पुढे निघून गेली, पण बाराच्या बारा पोचली.

टाळ्या नाहीत. दामू कठड्यापाशी गेला आणि गल्लीत पाहत उभा राहिला. खाली कुणाचा तरी स्टोव्ह भुरभुरत होता. तो मागे न वळता म्हणाला, "आप्पा, त्या कप्तानाची बायको कुठल्या ग्रहावर वाट बघत होती?"

मी म्हटलं, ते पान फाटलंय.

"पान फाटलं म्हणजे बायको नसते का?"

तो खाली निघून गेला. मी टॉवेल काढून तोंड पुसलं. इतकी वाईट गोष्ट मी आयुष्यात सांगितली नसेल. दमलेल्या माणसाला त्याचंच ओझं नाटक करून दाखवलं, आणि वर हात पसरून निळं होत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी खाली होती. लाल पट्टी दामूने मनगटाला गुंडाळली होती, घाम पुसायला. या मागावरून त्या मागावर जाताना जाळी उचलायचा, वाकायचा, सोडायचा, आणि दर वेळी माझ्याकडे असा बघायचा की मी कांडी शोधायला लागे. दुपारपर्यंत भिकनचा खांदा खाली आला होता. संध्याकाळी तो मान न चोळता गच्चीवर चढला. दोघं शेजारी निजले.

त्यापुढचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत. थकवा अशी गोष्ट आहे की ती दिवसांची शिवण उसवून टाकते. चहा गार झालेला आठवतो. दामूच्या पाठीवर वाकून वाकून उमटलेला घामाचा पट्टा आठवतो. कुणाचं तरी उभ्या उभ्या झोपणं आणि मागाने त्याला न जागवणं आठवतं. मी गोष्टी सांगितल्या, पण लहान, शेवटाची पानं असलेल्या.

दसऱ्याला माग थांबले. आम्ही खानदेशी माणसं त्या दिवशी मागाला हात लावू देत नसू, पूजा झाल्याशिवाय. माग बंद झाल्यावर खात्यात जी शांतता होते ती कानांना दुखते. आम्ही सगळे मोठ्याने बोलत होतो आणि मग आपल्याच आवाजाला दचकत होतो. कुणी तेल घालत होतं, कुणी झेंडूच्या माळा ओवत होतं. प्रत्येकाने आपापल्या मागाला हळदकुंकू लावलं. दामूनेही लावलं, दोन्ही मागांना. मग तो वाटेत वाकला आणि जाळीला कुंकू लावलं.

मी हार घेऊन जवळच उभा होतो. जाळी एका जागी फुगली होती, पलीकडच्या बाजूला, भिकनच्या मागाकडे. एक तार तुटून तिचं टोक वळलं होतं. फुगवटा उभ्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर होता. कुंकू त्याने बरोबर तिथे लावलं, मग मनगटाची लाल पट्टी सोडली आणि तिने एक झेंडूचं फूल त्या तुटल्या तारेला बांधलं.

केव्हा झालं होतं, कळायला मार्ग नव्हता. चालू खात्यात धोटा जाळीवर आदळला तर आवाज सगळ्या आवाजात मिसळून जातो. त्याने धोटा उचलला असेल, परत घातला असेल, माग सुरू केला असेल. मास्तर येऊन ओरडला, जाळीला कसलं कुंकू लावतोस? दामू म्हणाला, "लावू द्या ना. सीझनभर तीच तर उभी होती."

त्या दिवाळीला दामूची खोली झाली नाही. तो आमच्याबरोबर गावी गेला आणि बायकोला तिथेच ठेवून एकटा परत आला. ती पुढच्या वर्षी आली. आता कामरेजला त्याचं स्वतःचं छोटंसं दुकान आहे, बॉबिनचं, आणि तो दोन इंजिनांची आठवण काढून मला अजून शिव्या देतो.

मी, ज्याच्या पोटात तीळ भिजत नाही असं माझी बायको म्हणते, तो मी, ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी नाही, एवढ्यासाठीच. धोटा सुटला, डोळा गेला, अशी गोष्ट सगळे ऐकतात. धोटा सुटला आणि काही झालं नाही, ती कोण ऐकेल? सगळ्या कवचांची मी तुलना केली तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. निळं होणारं, गरजणारं, ठिणग्या उडवणारं कवच गोष्टीसाठी चांगलं. खरं चांगलं कवच असतं तिथे गोष्टच होत नाही. त्या दिवशीही नेहमीसारखी पाळी सुटते.

पण सीझन आला की तो फुगवटा मला आठवतो, आणि परवा भिकन आला तेव्हा राहवलं नाही. भिकन अजून मागावर आहे. संध्याकाळी पाळी सुटल्यावर तो माझ्याकडे चहाला थांबतो, भिंतीला पाठ लावून बसतो आणि माझ्या घडीतली सुरकुती मला दाखवतो. मी त्याला सांगितलं. दसरा, कुंकू, तुटलेली तार, सगळं. नाटक न करता, हात मांडीवर ठेवून.

तो बशीतला चहा प्यायला. घरची अहिराणी काढून म्हणाला, "माले माहीत शे."

त्याने सांगितलं, की धोटा येताना त्याला दिसला होता. सरळ त्याच्याच डोळ्याकडे येत होता. मान फिरवायलाही वेळ नव्हता. मग जाळी फुगली, आणि दामूने वाकून धोटा उचलला. दोघांची नजरानजर झाली. दामूने माग सुरू केला, भिकननेही केला.

मग मला का नाही सांगितलंस, एवढी वर्षं, मी विचारलं. मला खरंच राग आला होता.

भिकनने बशी खाली ठेवली. "तुला सांगितलं असतं तर तू त्याची गोष्ट केली असतीस, आप्पा. गोष्टीत दामू कप्तान झाला असता. मग त्याला रोज सकाळी उठून कप्तानासारखं वागावं लागलं असतं. आधीच दोन मागांवर दमलेला माणूस तो."